चक निवडीच्या प्रकल्प नोंदी : हिंगणा एमआयडीसी, नागपूर

४ मार्च २०२५

शेडमध्ये बसवलेल्या नव्या सीएनसी टर्निंग सेंटरसोबत आठ इंची थ्री-जॉ हायड्रॉलिक चक (जॉब, म्हणजे कापायचा भाग, पकडून फिरवणारे साधन; जॉ म्हणजे त्याचे जबडे) आणि हार्ड जॉचा एक संच आला आहे. स्पिंडल नोज, म्हणजे चक बसतो ते स्पिंडलचे तोंड, ए२-६ मापाचा आहे. जुना गिअर-हेड लेथ, त्याचे थ्री-जॉ आणि फोर-जॉ चक व सरफेस ग्राइंडर हे सर्व जागेवरच राहणार आहे. या मशीनवर पुढे कोणकोणती पकड-साधने घ्यावीत आणि कोणता जॉब कोणत्या चकवर लावावा, हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आले असून त्याच्या नोंदी येथे ठेवत आहे.

कामाचा पसारा असा आहे. विदर्भातील कोळसा खाणी आणि औष्णिक वीजकेंद्रे यांच्या कन्व्हेअरसाठी आम्ही ईएन ८ पोलादाचे २५ ते ४० मिमी व्यासाचे आयडलर शाफ्ट, पुलीचे हब, बेअरिंग स्लीव्ह आणि बिडाचे वेडेवाकडे ब्रॅकेट बनवतो. थोडेफार काम वेअर प्लेटचे असते, ते ग्राइंडरवर होते. पुरवठादाराच्या मते आठ इंची चकमध्ये हे सगळे ‘येते’. व्यासाच्या हिशेबाने त्याचे म्हणणे खोटे नाही. परंतु जॉब चकमध्ये मावणे आणि जॉब चकमधून सुटल्यावर मापात राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निवड दुसऱ्या गोष्टीवरून व्हायला हवी, असे धरूनच मी सुरुवात करत आहे.

१० मार्च २०२५

आज जुन्या लेथवरील चक तपासले. थ्री-जॉ चकमध्ये ग्राइंड केलेला ३० मिमीचा टेस्ट बार आवळून डायल लावला, तेव्हा जॉच्या तोंडाजवळ ०.०७ मिमी रनआउट (एका फेरीत डायलच्या काट्याची एकूण हालचाल) मिळाला. ६० मिमीच्या बारवर तोच रनआउट ०.०४ मिमी होता. अशा थ्री-जॉ, म्हणजे स्क्रोल चकमध्ये चावी फिरवली की बेव्हल पिनियन स्क्रोल प्लेट फिरवतो आणि तिच्या सर्पिल आट्यांवर तिन्ही जॉ एकाच वेळी सरकतात. अमेरिकेतील सायमन फेअरमन यांनी १८४० मध्ये अशा चकचे पेटंट घेतले, आणि मूळ कल्पना अजूनही तीच आहे. ज्या व्यासावर जास्त काम होते तेथील आटे जास्त झिजतात, म्हणूनच एकाच चकचा रनआउट व्यासागणिक बदलतो. चकचा रनआउट म्हणून कोणी एकच आकडा सांगितला, तर तो कोणत्या व्यासावर घेतला हे विचारले पाहिजे. जॉवर १, २, ३ असे आकडे असतात आणि ते त्याच क्रमाने त्या त्या खाचेत घालावे लागतात, कारण सर्पिलाच्या चढानुसार प्रत्येक जॉचे दाते थोडे पुढेमागे कापलेले असतात.

या ०.०७ मिमीची धास्ती घेण्याचे मात्र कारण नाही. एका पकडीत जेवढे टर्निंग (बाहेरचा व्यास), फेसिंग (टोकाचा सपाट पृष्ठभाग, म्हणजे फेस) आणि बोअरिंग (आतला व्यास) होते, ते सगळे स्पिंडलच्या अक्षाशी एककेंद्री असते, मग चक कितीही हलक्या प्रतीचा असो. रनआउटचा प्रश्न जॉब उलटून दुसऱ्यांदा पकडताना येतो. त्यामुळे महागडा अचूक चक मागण्याआधी कामाचा क्रम बदलून महत्त्वाची मापे एकाच पकडीत बसवता येतात का, हे पाहणे स्वस्त पडते. आमच्या पुलीच्या हबमध्ये तसे करता येते. बोअर, एक फेस आणि बाहेरचा व्यास एकाच पकडीत घेता येतो, आणि उलटल्यावर उरते ते फक्त लांबीचे फेसिंग.

रेडियल स्क्रूने बॉडी बॅक प्लेटवर सरकवून ट्रू करता येणारा (बरोबर केंद्रात आणता येणारा) थ्री-जॉ चकही मिळतो. परंतु तो ज्या व्यासावर जुळवला त्या व्यासापुरताच खरा असतो. एकाच मापाचे शेकडो जॉब असतील तर त्याचा उपयोग आहे. आमच्याकडे रोज माप बदलते, म्हणून तो नको.

१३ मार्च २०२५

बिडाच्या ब्रॅकेटबाबत फार विचार करावा लागला नाही. ओतकामाचा पृष्ठभाग गोल नसतो, बोअरचे केंद्र बाहेरच्या आकाराच्या मध्यावर नसते, आणि तीन जॉ एकदम सरकणाऱ्या चकला केंद्र बाजूला नेता येत नाही. चार स्वतंत्र जॉचा चक हेच त्याचे साधन आहे. प्रत्येक जॉला वेगळा स्क्रू असल्याने डायल लावून ०.०१ मिमीपर्यंत जॉब ट्रू करता येतो, आणि हवा तितका एक्सेंट्रिकही (केंद्राबाहेर) ठेवता येतो. त्यात वेळ जातो हे खरे, पण आमच्या कारागिराचा हात इतका बसला आहे की समोरासमोरच्या जॉची एकेक जोडी घेऊन तो दोन-तीन फेऱ्यांत जॉब जागेवर आणतो.

जड बाजू एकीकडे असलेले ब्रॅकेट फेस प्लेटवर अँगल प्लेट लावून, समोर तोलाचे वजन बांधून, कमी आरपीएमवर करायचे आहेत. ही कामे जुन्या लेथवरच राहतील. सीएनसीचा वेळ ब्रॅकेट ट्रू करण्यात घालवणे मला पटत नाही.

२१ मार्च २०२५

आयडलर शाफ्टसाठी कॉलेटचा (चिरा पाडलेली, बारभोवती आवळणारी नळी) विचार केला. कॉलेट बारला जवळजवळ पूर्ण परिघावर धरते, त्यामुळे बारवर जॉचे वण उठत नाहीत, रनआउट कमी मिळतो, आणि बाहेर उडू पाहणारे जड जॉ नसल्याने आरपीएम वाढवला तरी पकड फारशी घटत नाही. बारच्या कामात तिला तोड नाही. परंतु कोणती कॉलेट, हे बघावे लागते. ५सी कॉलेट गोल बारसाठी सुमारे २७ मिमीपर्यंतच जाते, म्हणजे आमचे निम्म्याहून अधिक शाफ्ट तिच्या बाहेर राहतात. ईआर कॉलेटची पकड-मर्यादा मोठी असली, तरी ती प्रामुख्याने टूल धरण्यासाठी बनलेली आहे. ईआर ३२ ची वरची हद्द २० मिमी आहे, आणि जॉब कॉलेटच्या पुरेशा लांबीत आत गेला नाही तर ती तोंडाशी तिरकी आवळते. उरतो तो ड्रॉ ट्यूबवर (स्पिंडलच्या आतून जाणारी ओढनळी) चालणारा, ४२ मिमी क्षमतेचा कॉलेट चक.

येथे अडचण चकची नसून मालाची आहे. साध्या स्प्रिंग कॉलेटला तिच्या नाममात्र व्यासापासून थोडाच फरक सोसतो. काळा हॉट-रोल्ड बार आणला तर त्याचा व्यास आणि गोलाई दोन्ही त्या मर्यादेत राहत नाहीत, आणि कॉलेट एका टोकावर धरून दुसऱ्या टोकावर सैल राहते. ब्राइट बार (मापात आणलेला चकचकीत बार) एच११ टॉलरन्समध्ये घेतला तर ३० ते ५० मिमी व्यासाला फरक जास्तीत जास्त ०.१६ मिमी आणि १८ ते ३० मिमीला ०.१३ मिमी राहतो, म्हणजे कॉलेट नीट बसते. ब्राइट बार महाग पडतो, पण आमच्या शाफ्टचा मधला लांब भाग मशिनिंगविना तसाच राहतो, त्यामुळे तेथे टर्निंगचा एक कट वाचतो. रबराने जोडलेल्या पोलादी खंडांची कॉलेट अर्धा-अर्धा मिमी इकडेतिकडे सहज सोसते. काळ्या बारवर चालवायचेच झाले तर तीच घ्यावी लागेल, मात्र गोलाई बिघडलेल्या बारचे दुखणे तिनेही जात नाही.

आणखी एक बारकावा असा की ड्रॉ-बॅक कॉलेट आवळताना बार किंचित आत ओढते, आणि बारचा व्यास बदलला की हे ओढणेही बदलते. शाफ्टच्या खांद्यांची लांबी ±०.०५ मिमीत हवी असेल तर कॉलेट जागेवर स्थिर राहून बाहेरची स्लीव्ह सरकते तो डेड-लेंथ प्रकार घ्यावा. आमच्या शाफ्टचा फेस त्याच पकडीत होतो आणि सर्व लांब्या त्या फेसवरूनच मोजल्या जातात, म्हणून आम्हाला त्याची गरज नाही.

३ एप्रिल २०२५

आठ इंची हायड्रॉलिक चकचा हिशेब आज मांडला. मागचा फिरता सिलिंडर ड्रॉ ट्यूब ओढतो, ड्रॉ ट्यूब चकमधला वेज (पाचर) ओढते, आणि वेजच्या तिरक्या खाचांमधून मास्टर जॉ (ज्यांवर जॉबला टेकणारे टॉप जॉ बसतात) आत येतात. आमच्या दाबाच्या नेहमीच्या सेटिंगवर, म्हणजे १५ बारवर, तिन्ही जॉची मिळून स्थिर पकड ४० किलोन्यूटन धरता येते.

पुलीच्या हबचा रफ कट असा आहे : खोली २.५ मिमी, फीड ०.२५ मिमी, म्हणजे चिपचे क्षेत्र ०.६२५ चौरस मिमी. ईएन ८ साठी विशिष्ट कटिंग फोर्स २२०० न्यूटन प्रति चौरस मिमी धरला, तर मुख्य कटिंग फोर्स सुमारे १४०० न्यूटन येतो. कट १२० मिमी व्यासावर आणि पकड १०० मिमी व्यासावर आहे. सॉफ्ट जॉसाठी (जॉबच्या मापाला कापून घेता येणारे मऊ जॉ) घर्षणांक ०.२ आणि सुरक्षेचा गुणक २.५ घेतला की लागणारी पकड १४०० × १.२ × २.५ ÷ ०.२, म्हणजे २१ किलोन्यूटन होते. ४० पुढे २१ म्हणजे भरपूर, असे वाटून कागद बाजूला ठेवण्याचा मोह होतो.

परंतु ४० हा आकडा चक थांबलेला असतानाचा आहे. चक फिरू लागला की जॉ केंद्रापासून बाहेर जाऊ पाहतात आणि बाहेरून धरलेल्या जॉबवरची पकड तेवढी कमी होते. मास्टर जॉ, टी-नट आणि टॉप जॉ मिळून एका जॉचे वस्तुमान १.२ किलो आणि गुरुत्वकेंद्र ७० मिमी त्रिज्येवर धरले, तर १५०० आरपीएमवर एका जॉचा अपकेंद्री जोर सुमारे २.१ किलोन्यूटन, म्हणजे तिघांचा सहाच्या थोडा वर येतो. ३००० आरपीएमवर तोच एका जॉला ८.३ आणि तिघांचा मिळून २५ किलोन्यूटन होतो. आरपीएम दुप्पट झाला की तोटा चौपट होतो. ४० मधून २५ गेले की १५ उरतात, आणि आपल्याला २१ हवे होते.

१२० मिमी व्यासावर ईएन ८ कापताना कोणी ३००० आरपीएम देत नाही. २२० मीटर प्रति मिनिट कटिंग स्पीडला ६०० च्या आसपासच आरपीएम येतो. तरीही हा हिशेब कागदावरचा खेळ नाही, याचे कारण प्रोग्राममधली जी९६ ही आज्ञा आहे. स्थिर कटिंग स्पीडवर फेसिंग केले की टूल केंद्राकडे सरकताना मशीन आपणहून आरपीएम वाढवत जाते, आणि टूल २३ मिमी व्यासावर पोहोचते तेव्हा स्पिंडल ३००० वर असते. तेव्हा टॉर्कचा बाहू लहान झाल्याने लागणारी पकडही चारेक किलोन्यूटनपर्यंत घसरते, म्हणून १५ बारवर काम निभावून जाते. खरा धोका पातळ जॉबसाठी दाब कमी केल्यावर असतो. स्थिर पकड १५ किलोन्यूटनवर आणली आणि प्रोग्राममध्ये जी५० ची आरपीएम-मर्यादा राहून गेली, तर ३००० च्या आधीच पकड शून्यावर येते आणि जॉब चकमधून सुटतो. म्हणून दाब आणि जी५० हे दोन आकडे सेटअप शीटवर एकाच ओळीत लिहायचे, असे ठरवले. एक बदलला की दुसरा पाहावाच लागेल.

आतून बाहेर फाकवून धरलेल्या जॉबमध्ये हेच उलटे होते, कारण अपकेंद्री जोराने पकड वाढते. पातळ जॉबला तो वाढीव जोर सोसेल का, हा तेथे प्रश्न होतो.

११ एप्रिल २०२५

बेअरिंग स्लीव्हची पहिली तुकडी आज सीएनसीवर केली. बाहेरचा व्यास १४० मिमी, बोअर १२० एच७, लांबी ४० मिमी, म्हणजे भिंत १० मिमीची. तिच्यात ६२१३ बेअरिंग बसते. बाहेरचा व्यास आधी करून घेतला होता, साध्या सॉफ्ट जॉमध्ये धरले होते आणि पकड एकूण १५ किलोन्यूटनच्या जवळ ठेवली होती.

बोअर डायल गेजने चहूबाजूंनी मोजले तेव्हा १२०.०१५ ते १२०.०२२ मिमी मिळाले. एच७ ची मर्यादा १२०.००० ते १२०.०३५ आहे, म्हणजे जॉब बिनचूक म्हणून पुढे गेला. दुपारी असेंब्लीवरून निरोप आला, “भाऊ, गेज तं बरोबर दाखवून राह्यला, पण बेअरिंग जाऊन नाही राह्यलं.” बेअरिंगचा बाहेरचा व्यास १२०.००० पेक्षा जास्त नसतोच, खाली ०.०१५ पर्यंत असतो. मग १२०.०१८ च्या बोअरमध्ये ते हाताने जायला हवे होते.

स्लीव्ह तिचा बाहेरचा व्यास न आवळता, फेसवर हलके दाबून फिरवली आणि बोअरमध्ये लिव्हर डायल लावला. केंद्रातील बसवणीचा फरक वजा केल्यावर एका फेरीत काटा तीनदा वर आणि तीनदा खाली गेला, आणि त्रिज्येतील एकूण फरक ०.०४ मिमी निघाला. वर जाण्याच्या जागा बरोबर जिथे जॉ होते तिथेच होत्या. स्लीव्ह आवळल्यावर जॉखाली आत दबली होती. त्या दबलेल्या अवस्थेत टूलने बोअर अगदी गोल कापला. जॉ सुटल्यावर दबलेला भाग बाहेर आला, दोन जॉच्या मधला फुगलेला भाग आत गेला, आणि बोअर त्रिदली झाला.

गेजने हे का पकडले नाही, ते समजून घेण्यासारखे आहे. बोअर डायल गेज समोरासमोरच्या दोन बिंदूंमधील अंतर मोजते. तीन दलांच्या आकारात एका बाजूला उंचवटा असला की बरोबर समोर खोलगटा येतो, त्यामुळे एकीकडे ०.०२ वाढले तरी दुसरीकडे ०.०२ घटते आणि व्यास सर्व दिशांना तोच वाचला जातो. दलांची संख्या विषम असेल तेव्हा दोन बिंदूंचे मोजमाप नेहमीच असे फसवते. बेअरिंगला मात्र बोअरमध्ये मावणारे सर्वांत मोठे वर्तुळ लागते, आणि ते १२०.०१८ मधून ०.०४ वजा जाता ११९.९७८ मिमी एवढेच होते. लहानात लहान बेअरिंग ११९.९८५ चे, म्हणजे तेही जाणार नाही. ते प्रेसवर बसवता आले असते. पण मग बेअरिंगची बाहेरची रिंग त्याच तिकोनी आकारात दाबली जाते, तिची आतली क्लिअरन्स तीन ठिकाणी खाल्ली जाते आणि खाणीत कन्व्हेअरवर ती लवकर तापते.

त्रिदली बोअरसाठी तीन बिंदूंचा इंटर्नल मायक्रोमीटर वापरावा आणि तो एकाच जागी न वाचता साठ अंश फिरवून पुन्हा वाचावा, अशी सूचना तपासणी शीटमध्ये घातली. बाहेरच्या व्यासाची तीन दले पाहायची असतील तर ६० अंशांच्या व्ही-ब्लॉकमध्ये जॉब फिरवून वर डायल लावावा. तेथे त्रिज्येतील फरक तिपटीने दिसतो.

१६ एप्रिल २०२५

स्लीव्हची विकृती हिशेबाने किती यायला हवी, ते काढले. पातळ कड्यावर तीन समान अंतरांवर आतल्या दिशेने जोर दिला, तर जॉखालचे दबणे ०.०१५९ × जोर × त्रिज्येचा घन ÷ (लवचिकता गुणांक × भिंतीचा क्षेत्र-जडत्वाघूर्ण) एवढे येते. जोर एका जॉला ५००० न्यूटन, सरासरी त्रिज्या ६५ मिमी, आणि ४० मिमी रुंद व १० मिमी जाड भिंतीचा जडत्वाघूर्ण ३३३३ मिमी चतुर्घात घेतला, तर उत्तर ०.०३२ मिमी येते. दोन जॉच्या मधे बाहेर फुगणे सुमारे ०.०२८ मिमी होते, म्हणजे त्रिज्येत एकूण फरक ०.०६ मिमी. प्रत्यक्षात ०.०४ मिळाला, कारण सॉफ्ट जॉ एका बिंदूवर न टेकता काही रुंदीवर टेकतात. हिशेब आणि डायल एकमेकांच्या इतके जवळ आल्याने निर्णय घ्यायला आधार मिळाला.

हेच सूत्र सहा जॉसाठी लावले, तर एकूण जोर तोच ठेवून दबणे सुमारे एकोणिसाव्या हिश्श्यावर येते, म्हणजे ०.००१७ मिमी. एक तर प्रत्येक जॉवरचा जोर निम्मा होतो, आणि त्याखेरीज दोन जॉमधला कमानीसारखा भाग लहान झाल्याने तो वाकतच नाही.

भिंतीची जाडी घनात येते, म्हणून ती थोडी कमी झाली तरी परिणाम मोठा होतो. तेवढ्याच व्यासाची, पण ६ मिमी भिंतीची स्लीव्ह पुढच्या तिमाहीत येणार आहे. तिला एवढाच जोर दिला तर जॉखालचे दबणे ०.१६ मिमी निघते.

२४ एप्रिल २०२५

स्लीव्हसाठी पर्याय समोर ठेवून चर्चा केली. सहा जॉचा चक हिशेबात सर्वांत चांगला दिसतो, पण त्याला एक अट आहे. सहाही जॉ एकदम सरकत असतील आणि जॉब आधीच गोल नसेल, तर सहांपैकी तीनच टेकतात आणि आपण पुन्हा तीन जॉवर येतो. आमचा कच्चा माल जाड पाइपातून कापलेला असतो आणि तो गोल असल्याची खात्री नसते. दोन-दोन जॉ दांडीवर जोडून आपणहून जुळवून घेणारा पेंड्युलम प्रकारचा सहा-जॉ चक हे सांभाळतो, पण त्याची किंमत आमच्या तुकडीच्या आकाराला झेपत नाही.

त्याऐवजी पाय (इंग्रजी ‘pie’) जॉ करायचे ठरले. हे केकच्या तुकड्यासारखे रुंद सॉफ्ट जॉ असतात आणि तिन्ही मिळून जॉबचा जवळजवळ पूर्ण परिघ वेढतात. ते पोलादाऐवजी अॅल्युमिनियमचे घेतले, कारण एवढे मोठे जॉ पोलादात केले असते तर वजन सुमारे तिप्पट झाले असते आणि ३ एप्रिलच्या हिशेबाप्रमाणे त्याचा अपकेंद्री तोटाही वजनाच्याच प्रमाणात वाढला असता.

जॉ बोअर करण्याची रीत लिहून ठेवतो, कारण अर्धी अचूकता तिथेच जाते. जॉच्या मागच्या भागात कडे आवळून, ज्या दिशेने आणि ज्या दाबावर जॉब धरायचा त्याच दिशेने आणि दाबावर जॉ ताणलेले ठेवून बोअर करावा, म्हणजे मास्टर जॉमधील सैलपणा आधीच एका बाजूला बसतो. बोअरचा व्यास जॉबच्या व्यासाइतकाच हवा. तो लहान राहिला तर प्रत्येक जॉ आपल्या दोन कडांवर धरतो, मोठा झाला तर फक्त मध्यावर धरतो, आणि दोन्ही वेळा रुंद जॉ केल्याचा फायदा जातो. आतल्या कोपऱ्यात छोटी खाच द्यावी, नाहीतर चिप किंवा गोल कोपरा जॉबला फेसवर नीट टेकू देत नाही.

याशिवाय रफिंग आणि फिनिशिंग वेगळे केले आहे. रफिंगनंतर चक उघडायचा, स्लीव्हला ताण सोडू द्यायचा, आणि कमी दाबावर पुन्हा धरून अर्ध्या मिमीचा शेवटचा कट घ्यायचा. दाब फार खाली नेता येत नाही, कारण वेजमधील घर्षणच तो खाते आणि पकड भरवशाची राहत नाही.

८ मे २०२५

शेडमध्ये दुपारी तापमान ४२ अंश होते. बोअर गेज लावण्याची सेटिंग रिंग तपासणी खोलीत, एसीमध्ये, २६ अंशांवर होती. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रोमीटर वाढते, म्हणजे १२० मिमीवर १६ अंशांच्या फरकाने २२ मायक्रोमीटर. एच७ ची एकूण ३५ मायक्रोमीटरची जागा आहे, तिच्यातला निम्म्याहून मोठा वाटा नुसत्या उन्हाने घेतला असता. रिंग, गेज आणि जॉब तिन्ही पोलादाचे असल्याने ते एकाच तापमानाला आणले तर हा फरक एकमेकांत जिरतो. त्यामुळे रिंग आता मशीनशेजारच्या सरफेस प्लेटवर राहते आणि जॉब निदान तासभर तिच्या शेजारी ठेवल्याशिवाय मोजला जात नाही. नागपुरात मे महिन्यात चकची चर्चा थर्मामीटर बाजूला ठेवून करता येत नाही.

१५ मे २०२५

पाय जॉमधून निघालेल्या स्लीव्हचा त्रिज्येतील फरक ०.००८ मिमीच्या आत आला. बेअरिंग तेल लावून हाताने बसते. फिनिश कट ५०० आरपीएमच्या आसपास होतो, जी५० मर्यादा ८०० वर बांधली आहे, आणि त्या वेगाला अपकेंद्री तोटा पकडीच्या मानाने किरकोळ आहे.

६ मिमी भिंतीच्या स्लीव्हसाठी मात्र पाय जॉवर भिस्त ठेवायची नाही. तिचा बाहेरचा व्यास जॉमध्ये सैल बसवून, फेसवर पट्ट्या टाकून अक्षाच्या दिशेने दाबणारे फिक्श्चर करायचे आहे. जोर रेडियल दिशेला दिलाच नाही, तर गोलाई बिघडायला कारण उरत नाही. तिरकेपणाकडे मात्र लक्ष द्यावे लागेल. पट्टीखालील फेस सपाट नसेल तर स्लीव्ह पिळली जाईल.

१९ मे २०२५

सरफेस ग्राइंडरचा मॅग्नेटिक चक बदलण्याचा प्रस्ताव आला होता. वीज गेली की साधा इलेक्ट्रोमॅग्नेटिक चक जॉब सोडतो. इलेक्ट्रो-पर्मनंट चकला फक्त चालू-बंद करतानाच वीज लागते, मध्ये वीज गेली तरी पकड राहते. तोच घ्यावा, असे मत दिले. ३०४ स्टेनलेसच्या प्लेट त्यावर धरल्या जाणार नाहीत, त्यांना वेगळे क्लॅम्प लागतील. पातळ वाकलेली प्लेट मॅग्नेट ओढून सपाट करते, ग्राइंड झाल्यावर ती सुटते आणि पुन्हा वाकते. स्लीव्हमध्ये पाहिले तेच हे. अशा प्लेटखाली शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालून तिला तिच्या मूळ वाकातच धरावे आणि दोन्ही बाजू आलटून पालटून घ्याव्यात.

२९ मे २०२५

ग्रिप फोर्स मीटर भाड्याने आणून आठ इंची चकची खरी पकड मोजली. १५ बारवर ४० किलोन्यूटन अपेक्षित असताना मीटरने २७ दाखवले. चक उघडला तेव्हा वेजच्या खाचांमध्ये कूलंट आणि बारीक चिपचा चिखल होता, आणि ग्रीस धुऊन गेले होते. साफ करून चकसाठीचे मॉलिब्डेनम डायसल्फाइडयुक्त ग्रीस भरल्यावर त्याच दाबाला ३८ मिळाले. दाबमापकाचा काटा दोन्ही वेळा १५ वरच होता, म्हणून पकडीबद्दल त्या काट्यावर विसंबता येत नाही. दर शिफ्टला ग्रीसचे नोजल दाबायचे आणि दर महिन्याला पकड मोजायची, असे वेळापत्रक केले. ग्रिप फोर्स मीटर विकत घेण्याची शिफारस केली.

दाब कमी झाल्यास स्पिंडल सुरूच होऊ नये यासाठीचा प्रेशर स्विच आणि वीज गेल्यास सिलिंडरमधील दाब अडवून धरणारा चेक व्हॉल्व्ह, हे दोन्ही चालू असल्याचे तपासले. वर्कहोल्डिंग चकच्या सुरक्षेसाठी आयएसओ १६१५६ हे मानक आहे. पुढील चक खरेदीत त्यानुसार कमाल आरपीएम आणि कमाल ड्रॉ फोर्स चकवर कोरलेले असावेत, अशी अट घालत आहे.

६ जून २०२५

खरेदीची यादी आज मालकांकडे दिली. ४२ मिमी क्षमतेचा ड्रॉ-बॅक कॉलेट चक आणि त्याच्या २५, ३०, ३५ व ४० मिमीच्या कॉलेट घ्यायच्या आहेत, सोबत शाफ्टसाठी ब्राइट बारची खरेदी सुरू करायची आहे. आठ इंची चक हब आणि स्लीव्हसाठी राहील, त्याला अॅल्युमिनियम पाय जॉचे आणखी दोन संच आणि साध्या सॉफ्ट जॉचा साठा लागेल. ६ मिमी भिंतीच्या स्लीव्हचे फिक्श्चर शेडमध्येच करू. ब्रॅकेट जुन्या लेथच्या फोर-जॉवर राहतील, आणि त्या लेथच्या थ्री-जॉला नवा स्क्रोल न बसवता तो फक्त रफ कामाला ठेवायचा आहे.

दहा इंची चक घ्यावा, हा पुरवठादाराचा आग्रह मान्य केलेला नाही. मोठ्या चकचे जॉ जड, त्यांची त्रिज्या मोठी, कमाल आरपीएम कमी, आणि त्याचे वाढीव वजन प्रत्येक सायकलमध्ये स्पिंडलला थांबवावे-फिरवावे लागते. आमच्या यादीत २०० मिमीच्या वरचा एकही गोल जॉब नाही. पेंड्युलम सहा-जॉ चकचे दरपत्रक मात्र मागवून ठेवले आहे. ६ मिमी स्लीव्हची मागणी तुकड्यातुकड्याने न येता सलग आली, तर फिक्श्चरवर पट्ट्या लावण्यात जाणारा वेळ धरून त्याचा हिशेब पुन्हा करायचा आहे.